जाम झालेलं इंजिन : स्प्लेंडर दुरुस्तीच्या नोंदी, मे ते ऑगस्ट २०२४

१० मे, शुक्रवार

खंबाटकी घाट, सकाळचे साडेअकरा. गाडी स्प्लेंडर प्लस, २००६ ची. मागे आई, तिच्या मांडीवर हापूसची पिशवी. अक्षय तृतीयेला मामाकडे जेवायला जायचं, हा आमचा दरवर्षीचा शिरस्ता.

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या स्क्रूंची, खडखड गेले दोन महिने होतीच. घाटात तिच्या खालून एक घरघर यायला लागली. ॲक्सिलरेटर पिळला तरी गाडी ओढेना. दुसरा गिअर टाकला, शंभरेक मीटर गेलो आणि मागचं चाक एकदम धरलं. क्लच दाबला म्हणून बचावलो, नाहीतर मागच्या ट्रकखाली गेलो असतो. कडेला घेतली. किक दगडासारखी.

आई कठड्यावर बसली आणि म्हणाली, "काय रे, दमली का गाडी?"

वीसेक मिनिटांनी किक हाताने दाबून पाहिली तर उतरली! ॲल्युमिनियमचा पिस्टन गरम होऊन फुगतो, बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, अडकतो. थंड झाला की आकसतो आणि सुटतो. त्या क्षणी वाटतं की झालं ठीक, मारावी किक आणि सुरूर फाट्यापर्यंत काढावी. हात किकवर गेलाही होता. पण त्याआधी डिपस्टिक, तेल मापायची कांडी, काढून बघितली. टोकालाही तेल नाही. नुसता करपल्याचा वास.

किक मारली नाही. या सगळ्या प्रकरणात मी केलेली शहाणपणाची गोष्ट ही एवढीच.

घाटाचा रस्ता एकेरी, पुण्याकडे परतणारी सगळी वाहनं बोगद्यातून जातात. त्यामुळे "परत जाणाऱ्या टेम्पोत टाकू" हा बेत तिथेच संपला. मामेभावाला फोन केला, तो वाईहून पिकअप घेऊन आला. आमरस मिळाला, पण दुपारी तीनला.

११ मे, शनिवार

पिकअपमधून गाडी पर्वती पायथ्याला घरी. डिझेलचे १,८०० मामेभावाच्या हातात बळेच कोंबले.

संध्याकाळी ड्रेन बोल्ट उघडला. तेल बिसलेरीच्या कापलेल्या बाटलीत धरून मापलं. जेमतेम पाव लिटर, पाण्यासारखं पातळ आणि डांबरासारखं काळं. या गाडीसाठी दुकानात ९०० मिलीची बाटली मिळते. म्हणजे उरलेलं सगळं सायलेन्सरमधून धूर होऊन गेलं, आणि रोज मागे बसणाऱ्याने तो हुंगला.

लिहायला लाज वाटते, पण नोंद खोटी नको : माझं पोट मशिन मेंटेनन्सवर चालतं. भोसरीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशिनची पीएम, म्हणजे नियमित देखभालीची, चेकशीट मी भरतो. तिथे ल्यूब ऑइलची पातळी खाली गेली की मशिन अलार्म देऊन स्वतःच थांबतं. कुणा ऑपरेटरने पातळी न बघता चेकशीटवर टिक मारली तर मी त्याला सगळ्यांसमोर झापतो. आणि घरची गाडी... बायको म्हणाली, "तुझ्या गाडीची चेकशीट कोण भरतं रे?" दिव्याखाली अंधार.

१३ मे, सोमवार

पुण्यात मतदानाची सुट्टी. सकाळी सातला जाऊन बोटाला शाई लावून आलो, साडेआठला पाना हातात.

या इंजिनाची एक सोय आहे. सिलिंडर जवळजवळ आडवा, त्यामुळे इंजिन फ्रेममधून न उतरवता हेड (सिलिंडरचं झाकण) आणि ब्लॉक (खुद्द सिलिंडर) पुढच्या पुढे निघतो. ही घडण होंडाच्या १९५८ च्या सुपर कबपासून चालत आलेली. तोटाही त्यातच : पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट फिन्समध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांमध्ये. माझ्या ब्लॉकच्या फिन्समध्ये दोन पावसाळ्यांचा चिखल भाजून विटेसारखा बसला होता. एअर-कूल्ड इंजिन, आणि हवेलाच वाट नाही. स्क्रू-ड्रायव्हरने कोरून काढला, अर्धा तास गेला.

मग हेड. कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडवणाऱ्या दांड्याच्या, उंचवट्यांवर खड्डे पडलेले. कॅमचा धक्का व्हॉल्व्हला पोचवणाऱ्या रॉकरची कॅमवर घासणारी टोकं नखाला लागतील इतकी खोल झिजलेली. तेल सर्वांत शेवटी पोचतं ते हेडमध्ये, म्हणून कमी पडलं की पहिला फटका इथे बसतो. दोन महिने मी जिला "टॅपेटची खडखड" म्हणत होतो, ती हीच झीज. मध्यंतरी सिग्नलजवळच्या एका मेकॅनिककडून टॅपेट "टाइट" करून घेतले होते. आवाज आठवडाभर कमी झाला, कारण तेवढ्यापुरती फट मिटली. दुखणं आत तसंच.

ब्लॉक ओढला. बोअरमध्ये उभे ओरखडे, मधेमधे चंदेरी डाग. तो डाग म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम, वितळून भिंतीला चिकटलेलं. पिस्टनची दोन्ही अंगं खरवडलेली. वरची रिंग खोबणीत कार्बनने चिकटून बसली होती, टोकरूनही हलेना. ऑइल रिंगच्या मागची भोकं बुजलेली. भिंतीवरचं तेल खरवडून परत खाली धाडणं हे त्या रिंगचं काम. भोकं बुजली की तेल वर ज्वलनकक्षात जातं आणि जळतं.

दुपारी जेवताना पाहिलं, शाई आणि कार्बन यांतलं काय कुठे संपतं ते कळेना.

१४ मे, मंगळवार (रात्री)

शिफ्टहून आल्यावर फक्त उजवं कव्हर. मला याचीच भीती होती आणि याचंच कुतूहलही.

या गाडीला मोटारीसारखं कागदी ऑइल फिल्टर नाही. दोन गोष्टी आहेत : तळाला एक बारीक जाळी, आणि क्लचच्या बाजूला फिरणारी एक वाटी, सेंट्रिफ्यूगल फिल्टर. तेलातला जड गाळ फिरून फिरून वाटीच्या भिंतीला बसतो. वाटी उघडली. काळा, घट्ट, चकचकीत थर. स्क्रू-ड्रायव्हर खुपसला तर उभा राहिला. ही वाटी कुणी कधी साफ केली असेल असं वाटत नाही. सर्व्हिसिंगमध्ये ती धरतच नाहीत, कारण कव्हर उघडलं की गास्केट (सांध्यातलं पॅकिंग) नवीन लागतं आणि तासभर जातो. मीही कधी विचारलं नाही.

जाळीत वेगळाच प्रकार. करड्या रबरासारखे तुकडे. कधीतरी कव्हर बसवताना कुणीतरी गास्केट पेस्ट सढळ हाताने चोपडली होती. बाहेर ओघळते ती दिसते, पुसून टाकता येते. तेवढीच आतही ओघळते, ती सुटून तेलात जाते आणि जाळीवर बसते. निम्मी जाळी बंद.

कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवला. खेळ नाही. दोनदा, तीनदा पाहिलं. बाजूला थोडा हलतो, तो हलायलाच हवा. म्हणजे बिग एंड (रॉडचं खालचं बेअरिंग) वाचलं, क्रँक उघडायची गरज नाही. बऱ्याच दिवसांनी देवाचं नाव घेतलं.

१८ मे, शनिवार

नाना पेठ. ब्लॉक पिशवीत घालून नेला.

लेथवाले काका ब्लॉक उजेडाकडे धरून म्हणाले, "पाणी प्यायली नाही वाटतं गाडी." मग : "आधी पिस्टन आणा. पिस्टन हातात आल्याशिवाय मी बोअर कापत नाही." हे ऐकूनच माणसावर विश्वास बसला. बोअर मूळ ५० मिमीचा. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात. पाव मिमीत ओरखडे जात नव्हते, म्हणून अर्ध्याचा घेतला, ५०.५०. काकांनी मायक्रोमीटर पिस्टनच्या खालच्या अंगाला, पिनच्या आडव्या दिशेने लावला (वर लावून उपयोग नाही, पिस्टन वर निमुळता असतो) आणि पाटीवर खडूने आकडा लिहिला. तीस मायक्रॉन सूट ठेवतो म्हणाले.

स्पेअरच्या दुकानात चाचांनी कॅम आणि रॉकर दोन प्रकारचे समोर ठेवले. स्वस्तातला सेट निम्म्या किमतीत. नखाने कडा पाहिली, फिनिशिंग यथातथा. महागातला घेतला. आठ दिवस रोज रात्री बसून काम करायचं आणि शेवटी रॉकरवर चारशे वाचवायचे, याला काय अर्थ आहे? कॅम चेन, व्हॉल्व्ह सील, गास्केट सेट, एअर फिल्टरही घेतले.

निघताना चाचा म्हणाले, "और कुछ?" तेव्हा आठवलं. "मीटरची केबल." ११० रुपये.

१९ मे, रविवार

आज हाताला काम नाही, ब्लॉक काकांकडे. कंपनीतल्या सवयीने व्हाय-व्हाय ॲनालिसिस लिहायला बसलो : प्रत्येक उत्तराला पुन्हा "का?" विचारत मूळ कारणापर्यंत जायचं.

इंजिन का जाम झालं? तेल कमी होतं. घाटाच्या चढाला उरलंसुरलं तेल मागे सरकलं असणार आणि पंपाने हवा ओढली असणार, असा माझा अंदाज. तेल कमी का? जळत होतं आणि मी भरलं नाही. जळत का होतं? रिंगा कार्बनने अडकलेल्या. कार्बन का? तेच जुनं तेल किती दिवस फिरत होतं कुणास ठाऊक. किती दिवस? इथे अडलो. मोबाइलवर पैसे दिल्याचे मेसेज चाळले : शेवटची सर्व्हिसिंग फेब्रुवारी २०२३. पंधरा महिने! आठवड्याला शंभर-सव्वाशे किलोमीटर धरले तरी सात हजारांच्या आसपास. हजाराला शंभर मिली जळालं तर नऊशेतून सातशे गेले, उरले दोनशे. बाटलीत मापलेल्या पाव लिटरशी हिशेब बऱ्यापैकी जुळतो.

मग बदललं का नाही? कारण कळलंच नाही. मीटर ६१,४८२ वर थांबलेला आहे. केबल २०२२ च्या दिवाळीत तुटली. वेग काय, अंदाजाने कळतो, म्हणून केबल राहून गेली. पण मीटर वेगासाठी नसतोच, निदान माझ्यासारख्यासाठी. त्याचं खरं काम किलोमीटर मोजण्याचं. आकडा हलत नव्हता म्हणून माझ्या डोक्यातही गाडी ६१,४८२ वरच उभी होती, कालच सर्व्हिसिंग केल्यासारखी. गाडीला तेलाचा लाल दिवा नाही. मीटर हा तिचा एकुलता एक अलार्म, आणि तो मी दीड वर्ष बंद ठेवला.

केबल ११० रुपयांची. पत्नीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "केबलवर नको ढकलूस. डिपस्टिकला केबल लागते का?"

सहावा व्हाय तिने लिहिला असं समजायचं.

या गाडीच्या थोरल्या बहिणीची, सीडी १०० ची, जाहिरात आमच्या पिढीला पाठ आहे : फिल इट, शट इट, फर्गेट इट. ती पेट्रोलच्या टाकीबद्दल होती. आम्ही ती इंजिन ऑइललाही लावली.

२२ मे, बुधवार

ब्लॉक मिळाला. होनिंगच्या, म्हणजे बोअर दगडाने घासल्याच्या, तिरक्या रेघांची जाळी सुंदर उमटली आहे. त्या रेघांत तेल धरून राहतं, गुळगुळीत आरसा केला तर उपयोग नाही.

धुण्याबद्दल मुद्दाम लिहून ठेवतो, कारण इथे पुष्कळजण फसतात. होनिंगच्या दगडाची पूड रेघांत अडकते आणि पेट्रोलने ती निघत नाही. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश. मग जुन्या पांढऱ्या बनियनचा तुकडा तेलात बुडवून आतून फिरवायचा. पहिल्यांदा करडा आला. परत साबण. पुन्हा करडा. पाचव्या खेपेला पांढरा. लगेच तेल लावलं. तेवढ्यात फोन आला असता तर गंज चढला असता, ताजं कापलेलं बीड (ओतीव लोखंड) मिनिटांत तांबूस होतं.

२६ मे, रविवार

जोडणीचा दिवस. व्हॉल्व्ह आदल्या रात्रीच पेस्ट लावून घासून ठेवले होते, नवीन सीलही. हेडच्या पोर्टमध्ये रॉकेल ओतून दहा मिनिटं ठेवलं, गळलं नाही.

नव्या रिंगा एकेक करून बोअरमध्ये ठेवून टोकांमधली फट फिलर गेजने पाहिली. मॅन्युअलच्या मापात. पिस्टनवर चढवताना खूण वर, तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत नाहीत याची खात्री. पिस्टनवरचं "आयएन" हे अक्षर इनटेककडे.

पिनची क्लिप बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबलं होतं. पहिली क्लिप सुटली, कपाळाला लागली आणि त्या फडक्यावर पडली. फडकं नसतं तर सगळं इंजिन उकलायची वेळ.

ब्लॉक सरकवला, हेड ठेवलं. एका नटाखाली तांब्याचा वॉशर येतो, तिथून तेलाचा मार्ग जातो. तो विसरला तर हेडमधून तेल पाझरत राहतं. तेलाच्या मार्गावर नवा ओ-रिंग, पेस्ट कुठेही नाही. नट फुलीच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. रेंच टूलरूमच्या मित्राकडून आणला आहे, सोमवारी परत.

टायमिंग : मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या चाकावरची) टी खूण रेषेवर, कॅमच्या चक्रावरची ओ खूण हेडच्या खाचेसमोर. जुळलं असं वाटलं. मॅग्नेट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहिलं तर एक दात मागे. चेन ढिली असताना खूण जुळलेली दिसते आणि चेन ताणणारा टेन्शनर बसला की सरकते. पुन्हा काढून बसवलं. संध्याकाळ झाली, थांबलो. दमलेल्या हाताने टॅपेट लावायचे नाहीत.

२ जून, रविवार

टॅपेट लावले, इंजिन पूर्ण थंड असताना. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत तेल. इथेही एक चूक मी वर्षानुवर्षं करत होतो : डिपस्टिक पिळून बसवून मापायची नसते. पुसायची, नुसती टेकवायची आणि काढून बघायची. पिळून मापलं तर पातळी खरी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. म्हणजे ज्या दोन-चार वेळा मी तेल बघितलं होतं, तेव्हाही फसवलं गेलो.

किकच्या आधी टॅपेटच्या झाकणांतून कॅमवर थोडं तेल ओतलं. प्लग बाहेर ठेवून किक मारत राहिलो, मोबाइलचा टॉर्च आत धरून. पंधरा, वीस, पंचवीस. काही नाही. पोटात गोळा. तिसाव्या का एकतिसाव्या किकला रॉकरच्या मुळाशी एक थेंब चमकला, फुगला आणि ओघळला. नवं तेल, मधासारखं.

प्लग लावला. चौथ्या किकला सुरू. पाच मिनिटं निळा धूर, जोडताना लावलेलं तेल ते. मग धूर गेला. आवाज इतका कमी की मुलगा गॅलरीतून विचारतो, "बाबा, बंद पडली का?"

मीटरची केबल लावली. पर्वती ते स्वारगेट आणि परत. ६१,४८२ चा शेवटचा दोन हळूहळू वर सरकला आणि खालून तीन आला. सिग्नलला थांबून तेच बघत बसलो, मागच्याने हॉर्न मारला.

९ जून, रविवार

पाऊस धो धो. गाडी बाहेर काढली नाही. खर्च मांडला : स्पेअर, लेथ, तेल मिळून ४,०७०, डिझेल धरून ५,८७०. माझ्या मजुरीचे शून्य. वेळेवर तेल बदलत राहिलो असतो तर पंधरा महिन्यांत तीन बाटल्या लागल्या असत्या.

२३ जून, रविवार

मीटर ६१,७९०. तीनशे किलोमीटरवरच पहिलं तेल काढलं. पाचशेला बदला म्हणतात, मला धीर धरवेना. उन्हात बाटली धरली तर तेलात चंदेरी चमक, नव्या रिंगा बसताना निघालेली पूड. जाळीही काढून पाहिली, स्वच्छ. चालवताना एकाच वेगात लांबवर जात नाही, वेग कमी-जास्त करत राहतो आणि पंचेचाळीसच्या वर नेत नाही. रिक्षावाले मागे टाकून जातात. जाऊ देत.

३० जून, रविवार

पालख्या पुण्यात. रस्ते बंद, गाडी जागेवर. डिपस्टिक : वरच्या खुणेवर.

२१ जुलै, रविवार

मीटर ६२,१२०. डिपस्टिक तिथेच. चेनला तेल, फिन्समधला चिखल पाइपने धुतला, अर्थात इंजिन थंड झाल्यावर. दर रविवारी चहाआधी दोन मिनिटं, एवढंच ठरवलं आहे. तेलबदल दोन हजारांना. मॅन्युअल यापेक्षा जास्त सूट देतं, पण माझी गाडी अठरा वर्षांची आणि रस्ते पुण्याचे.

१५ ऑगस्ट, गुरुवार

खंबाटकी. आई मागे. चढ लागल्यावर दोघंही गप्प. जिथे थांबलो होतो तो कठडा आला आणि गेला. तिसऱ्या गिअरवर निघाली. खाली नव्या बोगद्याचं काम चालूच आहे.

मामाच्या अंगणात गाडी लावली, मीटर ६२,५६०. इंजिन थोडं निवल्यावर डिपस्टिक काढून पाहिली. केसभरही उतरलेली नाही. मामा बघत होते. म्हणाले, "आमच्या गाडीचं बी बघ की जरा. चालतीय झकास, पण बघ."

त्यांची डिपस्टिक काढली. अगदी टोकाला काळा ओला ठिपका. मामेभावाला तेलाच्या बाटलीसाठी लगेच फाट्यावर पिटाळला. मग सहज हेडलाइटच्या वर नजर गेली.

"मामा, मीटर कधीपासून बंद आहे?"

"त्याला झाली असतील की तीन-चार वर्षं. का रं?"

केबल फाट्यावर मिळाली नाही. पुढच्या शनिवारी नाना पेठेतून दोन घ्यायच्या, एक जास्तीची.